ज्यांना कुणी सोडलं नव्हतं

७ जुलै १८५५. दुपारचा दीड वाजून गेलाय, लख्ख ऊन आहे, आणि तुम्ही लंडन ब्रिजकडून हंगरफर्ड पुलाकडे निघालेल्या आगबोटीच्या कठड्याशी उभे आहात. शेजारी साठी ओलांडलेले एक गृहस्थ पांढऱ्या कार्डांचे तुकडे करताहेत. तुकडा पाण्यात नीट बुडावा म्हणून ते तो आधी ओला करतात आणि बोट धक्क्याला लागली की अलगद खाली सोडतात. तुम्ही वाकून बघता. तुकडा इंचभरही खाली गेलेला नसतो आणि दिसेनासा होतो. पुढच्या धक्क्यावर तेच, त्याच्या पुढच्या धक्क्यावर तेच. गृहस्थांचं नाव मायकेल फॅरडे. विजेचे प्रयोग बाजूला ठेवून आज ते थेम्स मोजताहेत, आणि घरी गेल्यावर ‘द टाइम्स’ला पत्र लिहिणार आहेत.

तुम्ही आदिलाबादचे. गढूळ पाणी तुम्हाला नवं नाही. आषाढात पैनगंगा फुगते तेव्हा पुलावरून तळ दिसत नाहीच. पण ते पाणी मातीचं असतं. हे फिकट तपकिरी, दाट, पुलाच्या खांबांपाशी ढगासारखं वर उसळणारं आहे आणि वास थेट घशात जातो. घराघरांत फ्लशचे संडास आले, त्यांची गटारं नदीला जोडली गेली, त्याचा हा परिणाम. शिवाय थेम्स इथे भरती-ओहोटीची नदी. सकाळी खाली गेलेली घाण संध्याकाळी परत वर येते. समुद्रापर्यंत पोचायला तिला आठवडे लागतात.

यासाठी इतक्या लांब कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. मासे परत आलेले बघायचे तर आधी ते गेलेले हवेत. आपली नदी पद्धतशीर मारून मग तिच्या उशाशी वही घेऊन बसणारं शहर लंडनसारखं दुसरं सापडणं कठीण. पैनगंगेची अजून तशी गत झालेली नाही, म्हणून तिकीट तिकडचं.

तीन वर्षं पुढे सरका. १८५८चा उन्हाळा. पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडात भिजवून टांगलेत, तरी खासदार नाकाला रुमाल लावून पळताहेत. वास स्वतःच्या नाकात गेला की कायदे किती झटपट होतात, हे बघण्यासारखं आहे. पैसा मंजूर झाला आणि जोसेफ बॅझलगेट या इंजिनिअरने नदीला समांतर अशी मोठी गटारं बांधली. काम अफाट होतं, पण घाण साफ झाली नाही. ती शहराच्या पूर्वेला बेक्टन आणि क्रॉसनेस इथे नेऊन नदीतच सोडली गेली. शहर वाचलं. खालच्या अंगाच्या नदीची फिकीर कुणाला असते? पुढे गाळ वेगळा काढून जहाजांनी समुद्रात टाकायला लागले, तेव्हा काही मासे परतलेही. मग शहर वाढलं, महायुद्धात बॉम्ब पडले, घरोघर डिटर्जंट आलं, आणि नदी दुसऱ्यांदा गेली.

आता १९५७. या साली जरा जास्त वेळ थांबा.

काठावर सडक्या अंड्यांचा वास आहे. पाण्यावर साबणाचा फेस तरंगतोय. मैलाच्या मैल पाण्यात प्राणवायू उरलेला नाही. मैला कुजवणारे जिवाणू तो संपवतात. विजेची केंद्रं गरम पाणी सोडतात, आणि गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. तिशीही न गाठलेला एक माणूस, लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातला ॲल्विन व्हीलर, गेल्या शंभर वर्षांच्या नोंदी चाळतोय, कोळ्यांना विचारतोय, काठाकाठाने फिरतोय. क्यू ते ग्रेव्हजेंड या सुमारे सत्तर किलोमीटरच्या पट्ट्यात कायम वस्तीला असलेला मासा त्याला सापडत नाही. अपवाद अहिराचा, म्हणजे ईल माशाचा. तो ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, पाणी अगदीच विटलं की तोंड वर काढतो. आपला मरळ चिखलातल्या डबक्यात हवा गिळून तग धरतो, ते तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. तसाच हा चिवट.

व्हीलरच्या या यादीचं मला फार कौतुक वाटतं. रिकामी यादी करायलाही चिकाटी लागते. त्याने ‘इथे कुणी नाही’ असं नीट लिहून ठेवलं, म्हणून पुढे ‘कुणीतरी आलं’ हे म्हणता आलं.

१९६४. क्रॉसनेसचं मैलाशुद्धीकरण केंद्र नव्याने बांधलंय. जिवाणू तेच, पण आता हवा देऊन त्यांच्याकडून नदीबाहेरच काम करून घेतात. तुम्ही नदीकाठच्या एका वीजकेंद्रात, पाणी आत ओढणाऱ्या तोंडाशी उभे आहात. आत घेतलेलं पाणी आधी जाळ्यांतून गाळतात. जाळी फिरते, पाण्याचा फवारा बसतो आणि अडकलेलं सगळं खाली पन्हळीत पडतं. पालापाचोळा, चिंध्या, लाकडाच्या ढलप्या. आणि त्यात काहीतरी हललं.

कामगार ते उचलून बादलीत टाकतो. व्हीलरने केंद्राकेंद्रांत सांगून ठेवलंय: मासा दिसला की फेकू नका. ज्या केंद्रांनी नदी तापवली, त्यांच्याच जाळ्या आता मासे मोजण्याच्या कामी आल्यात. बादलीत हात घाला. वीतभर लांबीचा, रुपेरी, पाठीवर हिरवट झाक असलेला स्मेल्ट. नाकाशी धरा. ताज्या चिरलेल्या काकडीचा वास येतो, खोटं नाही. पुढच्या पाळीत चपटा फ्लाउंडर येतो, दोन्ही डोळे एकाच बाजूला. दहाएक वर्षांत सत्तरच्या आसपास जाती त्या बादल्यांत येऊन गेल्या. काही खालून, समुद्राच्या बाजूने आल्या आणि काही वरच्या स्वच्छ पाण्यातून खाली उतरल्या. यांतल्या कुणालाही कुणी बोलावलं नव्हतं, की टाकीत वाढवून सोडलं नव्हतं.

नोव्हेंबर १९७४ मध्ये वेस्ट थरॉकच्या वीजकेंद्राच्या जाळीवर पावणेचार किलोची सॅमन मादी सापडली. थेम्समधला शेवटचा सॅमन १८३३ साली पकडल्याचं सांगतात. वर्तमानपत्रांना बातमी मिळाली, पुढाऱ्यांना मुद्दा मिळाला, आणि इथून गोष्टीला फाटा फुटला.

सॅमन म्हणजे राजा मासा. तो आपोआप यायची वाट कोण बघणार? १९७९ पासून दुसरीकडच्या वाणाची पिल्लं वाढवून हजारोंनी थेम्समध्ये सोडली, बंधाऱ्यांवर माशांसाठी पायऱ्या बांधल्या. १९८३ साली गळाला सॅमन लागला तेव्हा मोठा गाजावाजा झाला. पण टिकाऊ वस्ती काही झाली नाही. २०११ साली एक्झिटर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी थेम्समध्ये सापडलेल्या सॅमनचे जनुक तपासले. निघालं काय, तर त्यांतले बहुतेक सोडलेल्यांचे वंशज नव्हतेच. ते दक्षिण इंग्लंडच्या दुसऱ्या नद्यांतून वाट चुकून आलेले होते.

नदी आजही पूर्ण निरोगी नाही. जोराचा पाऊस झाला की जुनी गटारं नदीत ओसंडत, म्हणून तिच्याखालून २५ किलोमीटरचा बोगदा काढला. तो २०२५ मध्ये सगळा जोडून झाला. म्हणजे बॅझलगेटचं काम अजून चालूच आहे.

परतीच्या वाटेवर पुण्याला एक थांबा घ्या. साल १८३०च्या आगेमागे. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी कर्नल साइक्स मुळा-मुठेच्या काठी बसून कोळ्यांनी आणलेले मासे रंगवून घेतोय आणि त्यांचीच नावं लिहून घेतोय. खुदरी, नुकटा, मुल्ल्या ही नावं शास्त्राच्या पुस्तकात गेली ती अशी. दख्खनचा महसीर, म्हणजे खुदरी, जगाला पहिल्यांदा माहीत झाला तो पुण्याजवळच्या या पाण्यातून. आज शहरातल्या त्या पट्ट्यात सांडपाणी आहे आणि त्याला सोसणारा तिलापिया आहे. पाणी उद्या निवळलं, तरी वरच्या अंगाला खडकवासल्याची भिंत आणि खाली उजनीची. वाट कुठे आहे?

खुदरीला लोणावळ्यात टाटांच्या हॅचरीने वाचवलं, हे खरं आणि मोठं काम. पण तिथलं बीज देशभर गेलं, कावेरीतही सोडलं गेलं. तिथल्या मूळच्या कुबड्या महसीरच्या ऱ्हासाच्या कारणांत अभ्यासक आता याच पाहुण्याचं नाव घेतात. एका नदीचा घरचा मासा दुसऱ्या नदीत घुसखोर ठरतो.

आता आपल्या गावी उतरा. इकडे मासा म्हटलं की बोटुकलं आठवतं. तेलंगण सरकार २०१६ पासून तलावा-जलाशयांत फुकट मत्स्यबीज सोडतं. त्यावर घरं चालतात, त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण त्याला मासे परत आले असं म्हणू नये. परत यायला पाणी, वाट आणि कुठेतरी जिवंत राहिलेलं मूळ बियाणं लागतं. ते बियाणं आपल्याकडे अजून आहे. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला, मग प्राणहिता, मग गोदावरी. एवढ्या लांबीत उन्हाळ्यालाही न आटणारे डोह आहेत आणि पहिल्या पुराबरोबर अंडी घालायला वर निघणारे चढणीचे मासे आहेत. प्रश्न वाटेचा. खाली गोदावरीवर मेडिगड्डा, इकडे पैनगंगेवरच चनाका-कोरटा बॅरेज.

कोरट्याच्या अंगाला, काठावर एक भोई जाळं विणत बसलेत. तुम्ही वही काढता. मरळ, वाम, शिंगाळा लिहून झालेत.

“काका, अजून कोणकोणते मासे मिळतात इथं? यादी करतोय.”

“यादी कायले पायजे तुमाले?”

तुम्ही व्हीलरची गोष्ट सांगता. रिकाम्या नदीची, बादल्यांची. ते सुई न थांबवता ऐकून घेतात.

“म्हंजे तिथं मासे आपल्यानंच चढले.”

“हो.”

“मंग आधी थे गेटं कवा उघडतेत, थे लिवा. मासे मी सांगतो मागून.”