आमच्या मुलांचें इंग्रजी

धर्मग्रामाच्या महोत्सवी अंकांत देवळाच्या बांधणीची हकीकत व धर्मगुरूंची नामावली हीं यावयाचींच. संपादक मंडळींनीं माझ्याकडे मात्र शाळेचा विषय सोंपविला, आणि त्यांतहि इंग्रजीचा. विषय दिसतो तितका कोरडा नाहीं. उत्तर कोंकणांतील आमच्या कॅथलिक समाजाचे आज दोन भाग पडलेले दिसतात. एकाच्या घरांत इंग्रजी बोललें जातें, दुसऱ्याच्या घरांत मराठी किंवा तिची बोली. या दोहोंमधली रेघ पुष्कळ अंशीं माध्यमिक शाळेच्या वर्गांतून गेलेली आहे.

इंग्रजी व मराठी यांची आपल्या किनाऱ्यावरील पहिली मोठी गांठ शाळेंत पडली नाहीं. आणि ती पडली तेव्हां विद्यार्थी इंग्रज होता. येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास उतरले, येथली भाषा शिकले, आणि त्यांचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापून निघालें. शेक्सपिअर वारला तें हेंच साल. आमच्या मुलांनीं शेक्सपिअरचें नांव ऐकण्यास त्यानंतर दोनशेंहून अधिक वर्षें लागलीं.

तें नांव ऐकूं आलें तेंहि साहित्य म्हणून नव्हे, तर परीक्षेची नेमणूक म्हणून. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें सरकारी शिक्षणाची घडी बसविली. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, आणि १८५९ सालीं पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. न्यायमूर्ति रानडे त्या पहिल्या तुकडींतले. मुलानें आधीं मराठी इयत्ता पुऱ्या करावयाच्या, मग इंग्रजी पहिली ते सातवी अशा सात इयत्ता चढावयाच्या, आणि शेवटीं मॅट्रिक. इतिहास, भूगोल, गणित यांचीं उत्तरेंहि पुढें इंग्रजींतच लिहिण्याचा शिरस्ता पडला. म्हणजे ज्या मुलाचें इंग्रजी कच्चें, त्याचा भूगोलहि कच्चाच ठरावयाचा! नदी कोठें उगम पावते हें त्याला ठाऊक असे. तें सांगावयाचें कोणत्या काळांत व कोणत्या शब्दयोगी अव्ययानें, येथें तो अडे.

या दाराशीं आमचा समाज दोन वाटांनीं गेला. मुंबई, वांद्रें व साष्टी येथील मंडळींजवळ येशूसंघीयांच्या शाळा होत्या. वांद्र्याचें सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ सालचें, माझगांवचें सेंट मेरीज १८६४ चें, मुंबईचें सेंट झेवियर १८६९ चें. रेल्वे, जकात, गोदी व व्यापारी पेढ्या यांना इंग्रजी लिहिणारे कारकून हवे होते, आणि या शाळांतून ते मिळत. १८८७ सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, या मंडळींनीं ईस्ट इंडियन असें नांव धारण केलें. गोंव्याकडून व मंगळूराकडून येणाऱ्या कॅथलिक उमेदवारांहून आपण निराळे, मूळचे येथले, हें सरकारला कळावें हा त्यांतला हेतु. नांव नोकरीसाठीं घेतलें गेलें, आणि भाषाहि नोकरीच्या मागोमाग घरांत शिरली. वसईकडचे आमचे वाडवडील बहुतेक शेतकरी व बागायतदार. केळीच्या वाडीला इंग्रजी लागत नाहीं. त्यामुळें त्यांची प्रार्थना, भांडण व हिशेब मराठींतच राहिले. हें त्यांनीं निष्ठेनें केलें असें म्हणण्याचा मोह होतो, परंतु खरें कारण तें नव्हे.

वर्गांत इंग्रजी कसें शिकवीत? शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या वाचनमाला प्रथम चालत. त्यांच्या जोडीस तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली. तिच्यांतलें मराठी वाक्य इंग्रजींत करावयाचें, इंग्रजी मराठींत आणावयाचें, आणि चुकेल तेथें छडी. या पाठमालेची आज थट्टा होते. मला ती मान्य नाहीं. दोन भाषा समोरासमोर उभ्या करून त्यांचे सांधे ओळखावयास तिनें शिकविलें. पुढच्या पिढीचें व्याकरण रेन आणि मार्टिन यांचें. त्यांतले रेन मुंबई इलाख्याच्याच शिक्षणखात्यांत नोकरीस होते, आणि नंतर कादंबरीकार म्हणून गाजले.

साहित्याची स्थिति मात्र दीनवाणी होती. कवितेचा अन्वय लावा, सोप्या गद्यांत उतरवा, संदर्भासह स्पष्टीकरण द्या, अलंकार ओळखा. एवढें झालें कीं कविता संपली. वर्ड्स्वर्थचीं डॅफोडिल फुलें कोणीं पाहिलेलीं नव्हतीं, तरी त्यांचें वर्णन मुखोद्गत असे. उलट, गोल्डस्मिथनें १७७० सालीं ओसाड पडलेल्या खेड्यावर जें दीर्घकाव्य लिहिलें, तें जमीन हातची गेलेल्या आगरी, कोळी वा कुपारी मुलाला किती जवळचें वाटलें असतें! पण परीक्षेंत विचारीत शब्दार्थ.

तरीहि बीं रुजलें तेथें रुजलें. चिपळूणकर व टिळक यांनीं १८८० सालीं पुण्यास स्वदेशी बाण्याची शाळा काढली, तिचेंहि नांव न्यू इंग्लिश स्कूल. तिचे विद्यार्थी केशवसुत विशी उलटल्यावर मॅट्रिक झाले, कॉलेजांत गेले नाहींत, आणि शाळामास्तरकी करीत १९०५ सालीं वारले. त्यांनीं इंग्रजी सॉनेट मराठींत आणलें, आणि मराठी कवितेचें वळणच पालटलें. हायस्कुलांतलें इंग्रजी एवढेंच त्यांचें भांडवल. पण तें त्यांनीं मराठींत गुंतविलें.

स्वातंत्र्यानंतर लंबक दुसऱ्या टोंकास गेला. खेर मंत्रिमंडळानें पांचवी ते सातवीतून इंग्रजी काढून आठवीपासून ठेविलें. जानेवारी १९५४ मध्यें मुंबई सरकारनें हुकूम काढला कीं, इंग्रजी माध्यमाच्या शाळांनीं अँग्लो-इंडियन व बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज कोणास प्रवेश देऊं नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या चालकांनीं न्यायालयांत दाद मागितली. त्यांच्यासंगें दोन पालक उभे राहिले. एक भारतीय ख्रिस्ती, त्यांची मातृभाषाच इंग्रजी. दुसरे गुजराथी हिंदु. त्या वर्षाच्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें तो हुकूम घटनाबाह्य ठरविला. निकाल योग्यच होता, असें मी मानतों. परंतु ख्रिस्ती माणसानें इंग्रजी ही आपली मातृभाषा म्हणून न्यायालयापुढें मांडावी, हें वाचून वसईकडच्या माणसास क्षणभर थबकावें लागतें.

मी स्वतः मराठी शाळेंत पांचवीपासून इंग्रजी शिकलों. सेमिनरींत तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान हीं इंग्रजींतूनच. पहिलें वर्ष आम्हां मराठी शाळेच्या मुलांस जड गेलें. पुढें एक गोष्ट ध्यानांत आली: ज्यांचें मराठी पक्कें होतें, त्यांचें इंग्रजीहि लवकर पक्कें झालें, ज्यांचें घरचें बोलणें दोन्ही भाषांत अर्धवट, ते दोहोंकडे चांचपडत राहिले. २००० सालापासून महाराष्ट्रांत इंग्रजी पहिलीपासूनच सुरू झालें आहे. वर्षें वाढलीं, कविता मोठ्यानें वाचून दाखविणारा मास्तर वाढला कीं नाहीं, हें पालकांनीं आपल्या मुलांना विचारून पाहावें.

महोत्सवी वर्षांत रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठीं एक तासाचा वर्ग चालविण्याचें योजिलें आहे. प्रत्येक कविता आधीं इंग्रजींत दोनदां मोठ्यानें वाचावयाची, आणि मग तिचा अर्थ मुलांनीं घरच्या भाषेंत सांगावयाचा. मार्गदर्शिका आणावयाच्या नाहींत. निवृत्त शिक्षक-शिक्षिकांनीं आपलीं नांवें पाद्रीबंगल्यावर नोंदवावीं, ही विनंति.