गाडी बाजूला घ्या

सिग्नल ओलांडून वीसेक पावले गेलो की झाडाच्या आडून एक हात पुढे येतो, शिट्टी वाजते आणि आवाज येतो, "गाडी बाजूला घ्या." पुढे काय होणार हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक दुचाकीस्वाराला पाठ असते. इंजिन बंद होते, हात नकळत मागच्या खिशाकडे जातो आणि डोक्यात हिशेब सुरू होतो. लायसन्स आहे, पीयूसीची मुदत गेल्याच आठवड्यात संपली, विम्याचा कागद डिकीत आहे की घरी? समोरचा माणूस वयाने धाकटा असला तरी तेवढ्यापुरता 'साहेब' होतो, आणि पाठ वळली की 'मामा'.

एकाच माणसासाठी दोन मिनिटांत वापरलेली ही दोन संबोधने बरेच काही सांगून जातात. रस्त्यात माणसाला थांबवायचा अधिकार कुणाला, कशासाठी आणि किती वेळ, हा प्रश्न कायद्याचा आहे. थांबल्यावर त्या दोघांत जे घडते, ते मात्र कायद्याच्या पुस्तकात पुरते मावत नाही. म्हणून या प्रसंगाचा इतिहास दोन्ही अंगांनी पाहायला हवा.

गुराख्याचा हात

मोटारगाड्यांसाठी अखिल भारतीय कायदा झाला तो १९१४ साली. त्याची जागा १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने घेतली आणि आज लागू असलेला कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. या कायद्यांत एक गमतीचे कलम टिकून राहिले आहे. आपले जनावर गाडीच्या आवाजाने बुजेल, आवरणार नाही, असे वाटून जनावर सांभाळणाऱ्या माणसाने हात केला, तर चालकाने गाडी थांबवली पाहिजे. १९३९ च्या कायद्यात ही तरतूद होती आणि १९८८ च्या कायद्यातही कलम १३२ मध्ये ती आहे. म्हणजे बैल घेऊन निघालेला शेतकरी आजही, निदान कागदावर, महागड्या मोटारसायकलला थांबवू शकतो.

हे कलम वाचून हसू येते खरे, पण त्यामागची समजूत लक्षात घेण्यासारखी आहे. कायदा लिहिला गेला तेव्हा रस्ता बैलगाडीचा, टांग्याचा आणि पायी चालणाऱ्याचा होता. मोटार ही आगंतुक होती. आगंतुकाने थांबावे, आधीपासून रस्त्यावर असलेल्याला वाट द्यावी, ही त्यातली अपेक्षा. पुढच्या काही दशकांत हे नाते उलटे झाले. रस्ता गाड्यांचा झाला, गुराख्याचा हात कागदावरच राहिला आणि पोलिसाचा हात तेवढा रोजच्या अनुभवाचा उरला.

त्या हाताच्या मर्यादाही कायद्याने आखून दिल्या आहेत. कलम १३० प्रमाणे लायसन्स मागण्याचा अधिकार गणवेशातल्या कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला आहे. त्यात 'गणवेशातल्या' हा शब्द महत्त्वाचा. वाहतूक नियमन करणाऱ्या पोलिसाचे इशारे पाळणे कलम ११९ ने बंधनकारक केले आहे. कलम २०६ खाली लायसन्स ताब्यात घेतले, तर त्याची पोच द्यावी लागते. मात्र चालू गाडीची किल्ली खसकन काढून घ्यावी, असे या कायद्यातले कोणतेही कलम सांगत नाही. आपल्याकडे चौकातली पहिली कृती बहुधा तीच असते.

दिव्यापासून डबल सीटपर्यंत

दुचाकीस्वाराला अडवण्याची सवय पोलिसाला मोटारसायकलने लावली नाही. ती सायकलच्या काळातली. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. अंधार पडल्यावर सायकलला दिवा नसणे आणि मागे कुणाला बसवून डबल सीट जाणे, हे त्या काळचे नेहमीचे गुन्हे. पोलीस दिसला की मागचा टुणकन उडी मारून उतरे, चौक पायी ओलांडे आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसे. कायदा मोडणारा आणि कायदा राखणारा या दोघांनाही हा खेळ ठाऊक होता. सापडलाच तर चाकातली हवा सोडणे ही जागच्या जागी होणारी शिक्षा. ती कोणत्या नियमात बसते, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

मग स्कूटर आली. बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना या दोन्ही १९७२ च्या. लायसन्स-परमिटच्या त्या काळात नंबर लावून स्कूटरची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे ती दारात आली की एकट्याचे वाहन राहतच नसे. पुढे उभे पोर, चालवणारे वडील, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई आणि तिच्या मांडीवर धाकटे, असे अख्खे कुटुंब तिच्यावर मावे. चालकामागे एकच माणूस बसावा, असे आजच्या कायद्याचे कलम १२८ सांगते. तरीही अशा कुटुंबाकडे पाहून पोलिसाने मान वळवली, हे दृश्य आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. त्याच चौकात तीन कॉलेजकुमार ट्रिपल सीट आले, की शिट्टी वाजलीच म्हणून समजावे. नियम दोघांनाही एकच होता. फरक पोलिसाच्या नजरेत होता.

दादा कोंडके यांचा 'पांडू हवालदार' १९७५ साली आला आणि शिपायाला 'पांडू' म्हणणे घरोघर रुळले. ज्याची भीती वाटते त्याची चेष्टा करायची आणि ज्याच्याशी तडजोड करायची त्याच्याशी नाते जोडायचे, ही आपली जुनी रीत. 'पांडू' आणि 'मामा' हे शब्द त्याच रीतीतून आले असावेत. १९८४-८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने बनलेल्या शंभर सीसीच्या मोटारसायकली आल्या, दुचाकी तरुणांच्या हाती गेली, वेग वाढला, आणि शिट्टीचा सूरही थोडा बदलला.

डोक्यावरचे भांडण

या साऱ्या थांबवाथांबवीत सर्वांत मोठे भांडण झाले ते हेल्मेटवरून. त्याची सुरुवात फार दूरची आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडात मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या निरोप्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सर्वसामान्य ब्रिटिश नागरिकाला ही सक्ती लागू व्हायला मात्र १९७३ उजाडले. तिथल्या पगडीधारी शिखांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि १९७६ च्या स्वतंत्र कायद्याने त्यांना सूट मिळाली. आपल्या १९८८ च्या कायद्यातल्या कलम १२९ मध्येही पगडी घालणाऱ्या शिखांना तशीच सूट आहे.

भारतात हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आंध्र प्रदेशातल्या हेल्मेटच्या नियमामुळे संचाराच्या मूलभूत स्वातंत्र्यावर गदा येते, असा अर्जदाराचा दावा होता. न्यायालयाने १९८८ मध्ये तो फेटाळला. हेल्मेटमुळे कुणाचे फिरणे अडत नाही, उलट फिरणाऱ्याचा जीव वाचतो, असा त्या निर्णयाचा आशय.

निकाल लागला म्हणून भांडण मिटले असे झाले नाही, निदान पुण्यात तरी नाही. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी अंमलबजावणी कडक करताच हेल्मेट न घालताच निषेधाची फेरी निघाली. शहरात गाडी वेगाने जातच नाही, मान दुखते, बाजूचे ऐकू येत नाही, गाडी लावल्यावर हेल्मेट ठेवायचे कुठे, असे आक्षेप होते. खड्डे बुजवायचे सोडून आमच्या डोक्याची काळजी कसली करता, हा प्रश्न तर बिनतोड होता. पण त्या प्रश्नाचे उत्तर खड्डे बुजवणे हे आहे. उघडे डोके हे नव्हे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट न घातल्याने मृत्यू पावलेल्यांची नोंद ५०,०२९ आहे. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते.

शंभराची नोट

मग इतके सरळ कारण असूनही थांबवणाऱ्यावर लोकांचा विश्वास का बसला नाही? उत्तराचा एक भाग दंडाच्या रकमेत सापडतो. १९८८ च्या कायद्याच्या कलम १७७ ने किरकोळ गुन्ह्यांना पहिल्या वेळी शंभर रुपयांपर्यंत दंड ठरवला. जागेवर तडजोड शुल्क घेऊन प्रकरण मिटवायची सोय कलम २०० ने दिली. पुढची तीस वर्षे पेट्रोल, पगार, घरभाडे सगळे वाढले; ही रक्कम तिथेच राहिली. शंभराची पावती फाडायची की पन्नासावर मिटवायचे, हा सौदा मग चौकाचौकात होऊ लागला. पोलीस खातो, असे म्हणताना आपण देतो, हे सांगायचे राहून जाते. दंड भरला तर कोर्टाची भीती नाही, चिरीमिरी दिली तर पावतीची कटकट नाही. दोघांचे काम झाले आणि कायद्याचे राहून गेले.

त्यातून एक समजूत घट्ट झाली, की आपल्याला थांबवतात ते आपल्या भल्यासाठी नव्हे, खिशासाठी. ही समजूत किती महागात पडू शकते हे २०१६ साली दिसले. त्या जुलैत राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा केली आणि विरोध होताच ती मागे पडली. ऑगस्टमध्ये मुंबईत खारच्या एका पेट्रोल पंपाजवळ वाहतूक शाखेच्या एका हवालदाराने बिनहेल्मेटच्या अल्पवयीन मुलाची दुचाकी अडवली. मुलाने भावाला बोलावले. हवालदाराच्या डोक्यावर प्रहार झाला आणि काही दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. दुसऱ्याचे डोके वाचावे म्हणून नेमलेला माणूस डोक्यालाच मार लागून गेला. मामा म्हणून ज्याची थट्टा केली, त्यालाही घर असते, हे त्या आठवड्यात मुंबईला आठवले.

हात नसलेला चौक

त्याच २०१६ च्या ऑक्टोबरात मुंबईत सीसीटीव्हीच्या आधारे ई-चलन सुरू झाले, आणि पुढे ते राज्यभर पसरले. २०१९ च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक देखरेखीसाठी कलम १३६ अ आणले, हेल्मेट नसल्यास हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन ठेवले, आणि अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला पंचवीस हजारांच्या दंडासह तुरुंगवासाची तरतूद केली. केंद्राची ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ ला लागू झाली. जबर दंडाच्या धास्तीने महाराष्ट्राने मात्र सुरुवातीला हात आखडता घेतला.

आता पोलीस बहुधा थांबवतच नाही. तो मोबाइलवर फोटो काढतो किंवा खांबावरचा कॅमेरा काढतो, आणि घरी पोचल्यावर निरोप येतो. सौदा संपला, किल्ली काढणे संपले, ही मोठी मिळकत आहे. पण कॅमेऱ्याला नंबर दिसतो, माणूस दिसत नाही. गाडी विकली पण नाव बदलायचे राहिले, तर चलन जुन्या मालकाला. तापाने फणफणलेल्या लेकराला दवाखान्यात नेणारा बाप आणि झोकात सिग्नल तोडणारा पोरगा त्याला सारखेच. थकलेली चलने मग लोकअदालतीत येतात आणि तिथे सवलतीत मिटतात. म्हणजे चौकातला सौदा उठून मांडवात आला, एवढाच फरक.

शंभर वर्षांपूर्वी कायद्याने गाडी थांबवायला सांगितली ती दुसऱ्याचे जनावर बुजू नये म्हणून. त्या कलमात दंड वसूल करण्याचा विचार नव्हता, शेजारून जाणाऱ्याची काळजी होती. थांबवण्याचे खरे कारण तेच आहे, आणि ते सांगायला चौकात एक माणूस लागतो. पुढच्या वेळी झाडाआडून हात आला तर आपणही इंजिन बंद करून आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. लायसन्स नंतर काढता येईल.