विर्ड (जुना इंग्रजी शब्द)

विर्ड हे जुन्या इंग्रजी भाषेतील एक स्त्रीलिंगी नाम आहे. संदर्भानुसार त्याचा अर्थ 'जे घडते ते', 'घटना', 'नियती' किंवा 'प्राक्तन' असा होतो. त्यातील स्वर ओठ गोल करून उच्चारलेल्या 'इ'सारखा होता. आधुनिक इंग्रजीतील 'विचित्र' या अर्थाचे 'वीअर्ड' हे विशेषण याच शब्दापासून आले आहे.

व्युत्पत्ती

'होणे, बनणे' या अर्थाच्या 'वेओर्थान' या जुन्या इंग्रजी क्रियापदाशी हे नाम निगडित आहे. जर्मन 'वेर्डेन' हे क्रियापद त्याच कुळातील असून, नॉर्स पुराणकथांतील तीन प्रमुख भाग्यदेवतांपैकी उर्ड हिचे नाव विर्डचे समरूप आहे. या सर्वांच्या मुळाशी 'वळणे' या अर्थाचा आद्य इंडो-युरोपीय धातू मानला जातो. लॅटिन 'वेर्तेरे' आणि संस्कृत 'वृत्' हे धातूही त्यातूनच आले. त्यामुळे मराठीतील 'वर्तमान', 'वर्तणूक' आणि 'वृत्त' हे शब्द विर्डचे दूरचे नातलग ठरतात. पैकी 'वृत्त', म्हणजे घडलेली गोष्ट, अर्थानेही त्याच्या बराच जवळ आहे.

अर्थाविषयीचा वाद

याकोब ग्रिम यांनी 'डॉयचे मिथोलोगी' (इ.स. १८३५) या ग्रंथात विर्डची गणना प्राचीन जर्मानिक देवतांमध्ये केली. त्यानंतर अनेक अभ्यासकांनी या शब्दाकडे ख्रिस्तपूर्व श्रद्धेचा अवशेष म्हणून पाहिले. परंतु उपलब्ध हस्तलिखिते ख्रिस्ती लेखनिकांची आहेत. आल्फ्रेड राजाच्या नावे परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या बोएथियसच्या अनुवादात विर्ड ईश्वरी योजनेच्या अधीन आहे. 'बेओवुल्फ'मध्ये ती योद्ध्यांना ओढून नेते. मात्र मरण न ठरलेल्या वीराचे धैर्य टिकल्यास ती त्याला अनेकदा वाचवते, असेही तेथे म्हटले आहे. अशी नियती अटळ म्हणता येत नाही. एरिक स्टॅन्ली यांनी 'द सर्च फॉर अँग्लो-सॅक्सन पेगनिझम' या लेखनात जुन्या मतावर कठोर टीका केली. अनेक ठिकाणी 'घटना' हा साधा अर्थ पुरेसा पडतो, हे खरेच आहे.

अर्थांतर

पुढे हा शब्द मुख्यतः स्कॉटलंडमध्ये टिकला. होलिनशेडच्या बखरीतील भविष्य सांगणाऱ्या 'वीअर्ड' भगिनी शेक्सपियरने 'मॅकबेथ'मध्ये आणल्या. इ.स. १६२३च्या संग्रहात मात्र हा शब्द 'वेवर्ड' व 'वेयर्ड' असा छापला गेला. आजचे रूप लुईस थिओबाल्ड यांच्या इ.स. १७३३च्या आवृत्तीने रूढ केले. नाटकातील त्या तिघींचे रूप चमत्कारिक असल्याने १९व्या शतकात 'नियतीचा' हा अर्थ मागे पडून 'विचित्र' हा अर्थ रुळला.