सरकारचा चेक

बजेट फेब्रुवारीअखेर संध्याकाळी पाचला दिल्लीत वाचले जाई, त्या काळी आमच्या वेळापुरात सहा वाजता सिगारेटचे पाकीट महाग झालेले असे. "मालक, अजून संसदेची मंजुरी कुठे आलीय?" असे विचारले, की दुकानदार म्हणे, "संसदेचं होऊ द्या सावकाश, तुम्ही सुटे पैसे काढा."

गंमत म्हणजे कायदा अर्धामुर्धा त्याच्याच बाजूचा होता. १९३१ च्या एका कायद्याने, विधेयक नुसते मांडले तरी त्यातले वाढीव सीमाशुल्क आणि अबकारी लगेच वसूल करायची मुभा सरकारला दिली होती. मुदत ७५ दिवस. तेवढ्यात संसदेने मान्य केले नाही, तर जादा घेतलेले परत! २०२३ साली नवा कायदा आला, पण ७५ दिवस तेच राहिले. मात्र कालच्या भावाने घेतलेल्या मालाबद्दल दोन्हीत अक्षर नाही. ती दुरुस्ती दुकानदाराची.

बाकी घटनेचा हिशेब आम्हां बँकवाल्यांना चटकन कळणारा. कलम २६५ सांगते, कायद्याशिवाय कर घ्यायचा नाही. कलम ११४ सांगते, संसदेने विनियोजनाचा कायदा केल्याशिवाय संचित निधीतून पैसा काढायचा नाही. म्हणजे स्लिप भरतानाही सही आणि चेक वटवतानाही सही. राज्यसभेने चौदा दिवसांत सूचना कराव्यात. ऐकायच्या की नाही, ते लोकसभा ठरवणार. घरोघरी आजोबांचा सल्ला असाच घेतात.

या सहीची किंमत कळायला गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे जावे लागते. २६ मार्च १९०२ रोजी ते कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बजेटवर प्रथम बोलले. व्हाइसरॉय कर्झन. दरसाल शिल्लक पडते याचा सरकारला अभिमान. गणिताचे प्राध्यापक राहिलेले गोखले म्हणाले, शिल्लक पडते याचा अर्थच कर जास्त घेता! मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता. पण १८९२ च्या कायद्याने सभासदांना बजेटवर फक्त बोलायची परवानगी होती, मत द्यायची नव्हती. खातेदाराने पासबुक हवे तेवढ्या मोठ्याने वाचावे, सही मात्र मॅनेजरची! तरी माणूस नेटाने दरवर्षी आकडे घेऊन उभा राही. मिठाचा कर १९०३ त दोन, १९०५ त दीड आणि १९०७ त एक रुपयावर आला.

पुढे मत मिळाले, तर १९२३ साली विधिमंडळाने मिठाची दुप्पट करवाढ फेटाळली आणि लॉर्ड रीडिंगनी आपल्या अधिकारात ती लागू केली. मॅनेजर बदलला होता, शाखा तीच.

आता सही आपल्या माणसांची आहे. वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविना मताला टाकतात, त्याला 'गिलोटिन' म्हणतात. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेत २४ लाख कोटींच्या बजेटातल्या सगळ्याच मागण्या अशा, सुमारे अर्ध्या तासात पार पडल्या. आमच्या शाखेत पाचशे रुपये काढायलाही कधी कधी एवढा वेळ लागतो, पण तिथे रांगेतला मागचा माणूस निदान "कशाला हवेत हो एवढे?" म्हणून विचारतो तरी.