लेथचा चक आणि नातवाचे डोळे

मुंबईच्या लोहार चाळीत विजेचा माल घ्यायला जाताना क्रॉफर्ड मार्केट ओलांडावं लागे. १८८२ साली तिथे विजेचे दिवे लागले, हे आमच्या धंद्यातली जुनी माणसं अभिमानाने सांगत. मीही सांगायचो. उजेडाने कुणाला त्रास होत असेल, हे चाळीस वर्षांत माझ्या मनाला शिवलं नाही.

१९७४ साली परळच्या एका गिरणीत मी वायरमन म्हणून लागलो. ट्यूबलाइट तोवर सगळीकडे पोचली होती. १९३८ साली अमेरिकेत ती बाजारात आली. ४० वॅटची चार फुटी ट्यूब १०० वॅटच्या बल्बहून जास्त उजेड देते म्हटल्यावर कचेऱ्या, शाळा, स्टेशनं, सगळीकडचे बल्ब उतरले. बल्बची तार एकदा तापली की करंट क्षणभर शून्यावर आला तरी ती विझत नाही. ट्यूबमध्ये अशी धग साठत नाही. आपली वीज ५० सायकलची, म्हणून साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंदावते आणि उजळते. बहुतेकांच्या डोळ्यांना हे कळत नाही.

लेथवर मात्र कळतं. फोरमननी पहिल्याच आठवड्यात मला वर्कशॉपात लेथसमोर उभं केलं. एका फेजवरच्या ट्यूबखाली, नग पकडून ठरावीक वेगाने फिरणारा चक चक्क थांबल्यासारखा दिसत होता. ‘‘हात घालशील,’’ एवढंच ते म्हणाले. म्हणून शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर घ्यायच्या. जोडट्यूबची फिटिंग असली तर एकीच्या चोकला कपॅसिटर जोडायचा, म्हणजे एक मंदावते तेव्हा दुसरी उजळलेली असते. अशा शेकडो ट्यूब मी जोडल्या.

१९८२च्या संपात गिरणी सुटली. मग बँका, शाळा, दवाखाने यांची कामं घेऊ लागलो. तिथे मी सगळी रांग एकाच फेजवर टाकायचो. वायर कमी लागे, आणि तिथे कुणाची बोटं जाणार नव्हती.

माझा नातू स्वमग्न आहे. तो सात वर्षांचा असताना एका दवाखान्याच्या पॅसेजमध्ये खाली बसला आणि तळव्यांनी डोळे दाबून डोकं भिंतीवर घासू लागला. वर टोकं काळी पडलेली जुनी ट्यूब. मला वाटलं, हट्ट करतोय. तो म्हणाला, ‘‘आबा, हा दिवा थांबव ना.’’ बंद कर नाही, थांबव. मी वर बघितलं आणि मला तो चक आठवला.

नंतर सुनेने बरंच वाचून दाखवलं. १९७६ साली अमेरिकेत काही संशोधकांनी सहा स्वमग्न मुलांना ट्यूबखाली आणि बल्बखाली बसवून पाहिलं; ट्यूबखाली त्यांच्या त्याच त्या हालचाली वाढल्या. पुढच्या प्रयोगांत सगळ्यांना तसंच आढळलं नाही. १९८९ साली विल्किन्स नावाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या एका ऑफिसात जलद लहरींचे चोक लावून पाहिले, तेव्हा साध्या नोकरदारांचीही डोकेदुखी निम्म्याहून कमी झाली. कॅनर या मनोविकारतज्ज्ञांनी स्वमग्न मुलांबद्दल लिहिलं १९४३ साली. उजेड-आवाज सहन न होणं अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत लक्षण म्हणून आलं ते २०१३ साली. सत्तर वर्षं! तेवढ्या काळात किती मुलांना हट्टी म्हणून मार बसला असेल.

मला झोंबलं ते वेगळंच. दिवा लुकलुकतो हे आम्हाला ठाऊक होतं. उपायही ठाऊक होता, रोज हाताने करत होतो. पण तो फक्त यंत्रापाशी.

एलईडी आली तेव्हा वाटलं, आता हे संपलं. पण स्वस्त फिटिंगमध्ये कपॅसिटर वाचवतात आणि ती ट्यूबहून जास्त लुकलुकते. मोबाइलचा कॅमेरा धरला की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. आता नातवाला कुठे न्यायचं झालं की मी आधी एकटा जाऊन कॅमेरा धरून येतो. दुकानांच्या पळत्या पाट्यांचा रस्ता टाळतो. गणपतीत त्याला सकाळी नेतो, रोषणाई लागायच्या आत.

त्याच्या खोलीतली ट्यूब मीच उतरवली. तिथे ६० वॅटचा पिवळा बल्ब आहे. लोहार चाळीतही तो आता सहज मिळत नाही. कपाटात अकरा शिल्लक आहेत.