रनटाइममधील बदल व दुरुस्त्या आणि मराठी अक्षरे : एक ऐतिहासिक आढावा
(पालघर, बोईसर व तारापूर परिसरातील नावांच्या संदर्भात)

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासात यंत्रांची व त्यांच्या निर्मात्यांची नोंद विस्ताराने घेतली जाते. प्रोग्रामिंग भाषांच्या रनटाइममध्ये वेळोवेळी झालेले बदल व दुरुस्त्या मात्र दुर्लक्षित राहतात. रनटाइम म्हणजे लिहिलेला प्रोग्राम प्रत्यक्ष चालविणारी व्यवस्था. एखादे चिन्ह अक्षर आहे किंवा नाही, दोन शब्द समान आहेत की भिन्न, शब्द कोठे संपतो, हे प्रश्न प्रोग्राम लिहिणारा सहसा स्वतः सोडवीत नाही. त्यांची उत्तरे रनटाइममध्ये अंतर्भूत असलेल्या तक्त्यांवरून व नियमांवरून ठरतात. प्रस्तुत लेखात जावा व पायथॉन या दोन भाषांच्या संदर्भात अशा तीन प्रश्नांचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी

भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये इस्की हे मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती. १९९६ मध्ये आलेल्या जावाने आरंभापासून युनिकोड स्वीकारले. पायथॉनमध्ये ही सोय २.० या आवृत्तीपासून, म्हणजे २००० मध्ये आली. यानंतर युनिकोडच्या तक्त्यात भर पडली की ती रनटाइमच्या पुढील एखाद्या आवृत्तीत उतरू लागली. या दोहोंमधील काळाचे अंतर मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले.

‘ॲ’ या अक्षराची मान्यता

तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. त्याच्या इंग्रजी नावातील ‘ॲटॉमिक’ हा शब्द मराठीत लिहिताना पहिलेच अक्षर ‘ॲ’ येते. वसई परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांत आढळणारी ॲग्नेस, ॲलेक्स यांसारखी नावेही याच अक्षराने सुरू होतात. तथापि युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र स्थान एप्रिल २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाले. तत्पूर्वी ‘अ’ पुढे चंद्र जोडून, किंवा या दोहोंमध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून ते लिहिले जात असे.

ऑक्टोबर २००८ मध्ये आलेल्या पायथॉन २.६ ने युनिकोड ५.१ चा तक्ता स्वीकारला. जावा ६ (२००६) चा तक्ता युनिकोड ४.० चा होता. जावा ७ (२०११) मध्ये तो ६.० पर्यंत आला. म्हणजे ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ‘ॲ’ ला मराठी वर्णमालेत स्थान दिले, त्या वेळी जावाची प्रचलित आवृत्ती त्याला अक्षर मानीत नव्हती. ‘नावात केवळ अक्षरे व त्यांना जोडलेली चिन्हे असावीत’ अशी तपासणी जावाच्या तक्त्यावरून करणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘ॲग्नेस’ हे नाव अशुद्ध ठरत असे.

दर्या आणि दऱ्या

पालघर जिल्ह्याच्या पश्चिमेस दर्या आहे, तर पूर्वेस जव्हार-मोखाड्याच्या दऱ्या आहेत. मराठीत हा अर्थभेद केवळ ‘र’ च्या रूपावर अवलंबून आहे. यातील दुसरे रूप लिहिण्याचे दोन मार्ग युनिकोडमध्ये उपलब्ध झाले. २.० या आवृत्तीनुसार ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह असा क्रम होता; पुढे इस्कीशी सुसंगती राखून नुक्तायुक्त ‘ऱ’ व हलन्त हा क्रम मान्य झाला आणि जुनाही चालू राहिला. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. रनटाइमच्या तुलनेत मात्र ती भिन्न ठरतात.

समतुल्य रूपे एकत्र आणण्याची सामान्यीकरणाची सोय पायथॉन २.३ मध्ये (२००३) व जावा ६ मध्ये उपलब्ध झाली. परंतु वरील दोन क्रम युनिकोडने समतुल्य मानलेले नाहीत. ‘ॲ’ आणि ‘अ’ व चंद्र यांची जोडी यांबाबतही तीच स्थिती आहे. एकदा ठरलेले सामान्यीकरण पुढे बदलावयाचे नाही, असे युनिकोडचे धोरण असल्याने रनटाइमच्या नव्या आवृत्तीतून ही दुरुस्ती अपेक्षिता येत नाही.

शब्दाची सीमा

मजकुरातील शब्द वेगळे करण्यासाठी पायथॉनमध्ये वापरला जाणारा प्रचलित नमुना अक्षरे, अंक व अधोरेषा यांनाच शब्दाचे घटक मानतो. काना, मात्रा, वेलांटी व उकार ही चिन्हे त्यातून वगळली जातात. परिणामी ‘पालघर’ चे ‘प’ व ‘लघर’ असे दोन, तर ‘तारापूर’ चे ‘त’, ‘र’, ‘प’, ‘र’ असे चार तुकडे होतात. हा दोष २००७ मध्ये पायथॉनच्या दोषनोंदवहीत नोंदविला गेला. २०११ मध्ये आलेल्या जावा ७ मध्ये असा पर्याय आला की, तो निवडल्यास स्वरचिन्हेही शब्दात गणली जातात. मात्र तो आपोआप लागू होत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याला तो जाणीवपूर्वक निवडावा लागतो.

फलित

या आढाव्यातून तीन बाबी स्पष्ट होतात. काही दोष नवी आवृत्ती बसविताच दूर होतात, उदाहरणार्थ ‘ॲ’ ची मान्यता. काही दोषांवर पर्याय उपलब्ध असतो, पण तो वापरणाऱ्यास माहीत असावा लागतो. काही दोष मात्र आधीच साठविलेल्या नोंदींत असल्याने कोणत्याही नव्या आवृत्तीने ते दूर होत नाहीत. एकाच विद्यार्थिनीचे नाव प्रवेशाच्या वेळी एका क्रमाने व परीक्षेच्या वेळी दुसऱ्या क्रमाने नोंदविले गेल्यास, केवळ नावावर जुळणी करणाऱ्या प्रोग्रामच्या दृष्टीने त्या दोन व्यक्ती ठरतात.

समारोप

महाविद्यालयांनी व कार्यालयांनी जुन्या नोंदी नव्या प्रणालीत नेताना प्रथम ‘ॲ’ व ‘ऱ्य’ यांचे एकच रूप निश्चित करावे, मूळ नोंद जतन करावी आणि शोध घेताना जुनी-नवी दोन्ही रूपे तपासावीत. वापरातील रनटाइमची आवृत्तीही दप्तरी नोंदविणे इष्ट होय. रनटाइमच्या आवृत्त्यांसोबत प्रसिद्ध होणाऱ्या बदलांच्या याद्या केवळ तंत्रज्ञांसाठी नसतात. मराठी अक्षरांना संगणकात केव्हा व किती मान्यता मिळाली, याची ती इतिहास-साधने आहेत.