शिन्यांगाची राखलेली रानं



पावसाळा लागला की गुरं बंद करून कुरण राखायचं आणि चारा सरल्यावर ते उघडायचं, ही रीत तुम्हांला नवी नाही. आफ्रिकेत टांझानिया देशाच्या उत्तरेकडे शिन्यांगा नावाचा कोरडवाहू मुलूख आहे. पाऊस वर्षाला 600 ते 800 मिलिमीटर. तेथील सुकुमा लोक गुरे पाळतात, कापूस-ज्वारी पिकवतात. अशा राखीव रानाला ते 'न्गितिली' म्हणतात. रान उघडलं की आधी मान वासरांचा, औताच्या बैलांचा आणि आजारी जनावरांचा.

ही चांगली रीत मोडली कशी, ते पाहा. त्से-त्से माशी चावली की गुरांना जीवघेणा रोग होतो. माशी झाडीत राहते, म्हणून 1920 नंतर सरकारने रानेच्या राने तोडवली. कापसासाठी आणखी तुटली. पुढे 1974 ते 1976 च्या सुमारास विखुरलेल्या वस्त्या उठवून लोकांना मोठ्या गावांत आणून बसवले. राखलेली रानं मागे पडली. राखणाराच गेला, मग रान कसलं राहतंय? 1986 साली साऱ्या मुलुखात जेमतेम 600 हेक्टर न्गितिली उरली होती.

त्याच साली सरकारने 'हाशी' योजना काढली. आरंभी भर होता रोपवाटिकांवर. लोकांना मात्र आपली जुनी रानंच हवी होती, आणि योजनेने अखेर तेच धरलं. यात खड्डे खणण्याचं काम फारसं नव्हतं. तोडलेल्या झाडांची मुळं जमिनीत जिवंत होती. चराई थांबताच धुमारे फुटले. कोणतं रान राखायचं, केव्हा उघडायचं, हे घरधनी किंवा गाव ठरवी. चोरून गुरं घालणाऱ्याला 'सुंगुसुंगु' म्हणजे गावचे राखणदार धरीत, आणि 'दगाशिदा' ही गावसभा दंड करी. आपल्याच माणसांनी केलेला दंड, तो बुडवायचा कसा! 2004 पर्यंत 3 लाख हेक्टरांवर रान पुन्हा राखणीखाली आलं. गवत, सरपण, औषधी पाला, मध जवळच मिळू लागला. मोळीसाठी बायकांची पायपीट कमी झाली.

एक गोष्ट मात्र तिथंही अडली. ज्याची जमीन मोठी, त्याचं राखलेलं रान मोठं. गरिबाची भिस्त गावाच्या सामाईक रानावर. तुम्ही गायरान राखायला घ्याल, तेव्हा ज्याच्या दारात एकच शेळी आहे त्याचा वाटा किती, हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या.